गव्हाची बाधा

माझ्या डावीकडच्या फळीच्या फटीत सहा वर्षं एक पत्र होतं. वहीतून फाडलेला रेघांचा कागद, चार घड्या घातलेला. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. मोटर सुरू झाली आणि पट्टा फिरू लागला की माझं सगळं अंग हादरतं. अंग हादरलं की तो कागद थरथरायचा. बाहेर उभ्या असलेल्या माणसांना फक्त माझी घरघर ऐकू येई. मला मात्र त्या घरघरीच्या आत तो कागद ऐकू येई.

मित्रांनो, मी एक जुनी चक्की आहे, हिंगणीची. ही हकिगत मी सांगावी की नाही, याचा मी बराच विचार केला. माझा आवाज मोठा असला तरी मला बोलता येत नाही. शिवाय ज्यात आपलाही हात आहे ते सांगताना शब्द अडखळतात. कुठे चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे दगड लांबच्या खाणीतले आहेत. लाकडी अंग मात्र इथल्याच सुताराने सागवानाचं केलं. पस्तीस वर्षांपूर्वी तानबांनी मला या खोलीत बसवलं. पहिल्या दिवशी माझ्यात ज्वारी पडली. त्या काळी सगळी ज्वारीच असायची. गहू यायचा तो पाहुण्यांसाठी आणि सणासाठी. ज्याच्या डब्यात गहू, तो डबा जरा मिरवतच यायचा. पुढे शेतांतून ज्वारी कमी होत गेली, रेशनचा गहू घरोघर आला, आणि दिवसभर माझ्या तोंडून गव्हाचंच पीठ पडू लागलं. पण गहू म्हणजे ताकद, गहू म्हणजे चांगलं खाणं, ही समजूत जुन्या माणसांच्या मनातून गेली नाही. तानबांच्याही नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

तानबा फार कमी बोलणारे. माझ्याजवळ राहून राहून त्यांचे कान जवळजवळ गेले होते, त्यामुळे आणखीच कमी बोलत. दळण सुरू असताना ते अंगठा आणि बोट यांच्यात पीठ चोळून पाहत आणि एवढ्यावरून दगड किती आवळायचे ते ठरवत. त्यांच्या हाताचं पीठ नावाजलेलं होतं. धान्य बदलताना आमच्याकडे एक रीत होती. गव्हानंतर ज्वारी आली की आधी ज्वारीची एक मूठ टाकायची, ते पीठ बाजूला काढायचं, आणि मग पुढचं दळण घ्यायचं. याला तानबा 'चक्कीचं तोंड धुणं' म्हणत. मलाही वाटे, माझं तोंड खरंच धुतलं गेलं.

रक्षा तेव्हा दहा वर्षांची होती. कुंदन आणि मेघा यांची मुलगी, धुरपताबाईंची नात. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र फुगलेलं. महिनोन् महिने तिचं पोट बिघडलेलं असे. जंताची औषधं झाली, टॉनिकं झाली. शेवटी वर्ध्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतड्याचा बारीक तुकडा तपासला, आणि सांगितलं की हा सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. गव्हातला जो चिकटपणा पोळीला ताणू देतो, तोच हिच्या आतड्यांना बाधतो. गहू कायमचा बंद. भाकरी, भात, डाळ, भाजी खुशाल खाऊ द्या.

'बाधतो' हा डॉक्टरांचा शब्द गावात पोहोचेपर्यंत 'बाधा' झाला. माझ्या दाराशीच बायका बोलत होत्या.

"भुताची बाधा आयकली होती बाई. गव्हाची पह्यल्यांदाच आयकून राह्यली."

"मंग उतरवाले काय लागते? पोळीच का?"

बायका हसल्या. डबा घेऊन रांगेत उभी असलेली रक्षाही हसली, कारण सगळ्या हसत होत्या.

मेघा दर रविवारी सकाळी ज्वारीचा वेगळा डबा पाठवू लागली. निळ्या झाकणाचा. झाकणावर नेलपॉलिशने 'रक्षा' लिहिलेलं. "मामाजी, हिचं दळण पह्यलं घेत जा," असं तिने पहिल्याच दिवशी येऊन तानबांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं होतं. तानबांनी मान हलवली आणि शब्द पाळला. दिवसाचं पहिलं दळण रक्षाचं. पण मित्रांनो, पहिलं दळण झालं तरी माझ्या दगडांच्या खाचांत, पन्हाळीत, पीठ पडायच्या कापडी बाहीत आदल्या दिवसाचा गहू असायचाच. एका मुठीने तोंड धुतल्यासारखं वाटतं, धुतलं जात नाही. हे डॉक्टरांना माहीत होतं, पण आमच्या खोलीत कुणाला नव्हतं.

आणि एवढंच असतं तर मी त्याला अज्ञान म्हणून गप्प बसले असते.

दळण होईपर्यंत रक्षा भिंतीवर चिकटवलेले जुने पेपर मोठ्याने वाचायची. तानबांना थोडंफार ऐकू जावं म्हणून आणखी मोठ्याने. तानबा तिला 'मास्तरीणबाई' म्हणत. तिच्या मनगटाकडे पाहिलं की त्यांचा चेहरा उतरायचा. एका रविवारी ती पेपर वाचण्यात गुंतलेली असताना त्यांनी बाजूच्या पोत्यातून मूठभर गहू घेतला आणि तिच्या ज्वारीत टाकला.

त्यांच्या पत्नीने, कांताबाईंनी, ते पाहिलं. रक्षा गेल्यावर त्या तानबांच्या कानाशी म्हणाल्या, "डाक्टरनं नाई म्हटलं ना तिले?"

"नुसत्या ज्वारीनं पोरीच्या हाडाले काय लागन?" तानबा म्हणाले. "मूठभर तं टाकतो. कोणाले कयते?"

"डाक्टरले कयते."

"डाक्टरनं जनमभर पोयीच खाल्ली हाय. त्याले कोणी नाई म्हणाले गेलतं काय?"

कांताबाई हसल्या आणि विषय तिथेच संपला. त्यानंतर दर रविवारी एक मूठ पडत गेली, कधी दोन. मी ती ज्वारीसोबत दळली. माझ्या दगडांना निवड येत नाही, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. त्याने बरं वाटत नाही.

दोनेक महिन्यांनी मेघा स्वतः आली होती. तानबांच्या कानाशी म्हणाली, "मामाजी, तुमच्या पिठाची भाकर तुटतच नाई हो. पोळीवानी मऊ होते." तानबा लाजले आणि त्यांनी पंच्याने माझं तोंड पुसलं. पस्तीस वर्षांत माझी जी काही स्तुती झाली, त्यातली हीच मला सगळ्यात जास्त आठवते. ती आठवू नये असं वाटतं.

पुढच्या तपासणीत रक्षाचं रक्त पहिल्याइतकंच वाईट निघालं. डॉक्टरांनी मेघाला सांगितलं की पोटात कुठून तरी गहू जातो आहे. घरात तर गव्हाचा कण तिला कुणी देत नव्हतं. मग उरलं कोण? खुद्द रक्षा. शेजारी खात असेल, शाळेत मैत्रिणींच्या डब्यातून खात असेल. धुरपताबाईंनी पोळ्यांचा डबा कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं. शाळेतून आली की त्या तिचं दप्तर झाडत. तिला 'आ' करायला लावून तोंड हुंगत.

एका रविवारी त्या तिला घेऊन माझ्याकडे आल्या. दळण सुरू व्हायचं होतं. खोलीत शांतता होती.

"इथं तानबाभाऊच्या समोर सांग. कोणाच्या घरी पोळी खाल्ली?"

"नाई खाल्ली आजी."

"मंग रक्त का लबाड बोलते?"

रक्षाने भिंतीवरच्या पेपरकडे पाहिलं, पण वाचलं काही नाही. तानबांचा हात गव्हाच्या पोत्यात होता. शब्द ऐकू आले नसतील, पण दोघींचे चेहरे त्यांना दिसत होते, आणि नंतर कांताबाईंनी कानाशी सगळं सांगितलं. तो हात पोत्यातून रिकामा बाहेर आला. त्या दिवसापासून मूठ बंद झाली. तोंड मात्र त्यांनी उघडलं नाही.

आदल्या दिवसाचा गहू माझ्यात होताच, म्हणून रक्षा खालावतच गेली. महिन्याभराने मेघाने तिला आपल्या माहेरी आष्टीला नेऊन ठेवलं. डबा यायचा बंद झाला.

वर्षभराने पोस्टमनने ते पत्र आणून दिलं. तानबांनी ते दारातल्या उजेडात वाचलं. मग कांताबाईंनी वाचलं, मोठ्याने, म्हणून मला ते पाठ आहे.

'प्रिय तानबा आबाजी, सविनय जयभीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहिते. मी इथे बरी झाले. माझं वजन सात किलो वाढलं. इथली आजी माझी ज्वारी घरच्या जात्यावर दळते. त्या जात्यावर गहू कधीच दळत नाहीत. मग मला असं वाटलं की हिंगणीला आमच्या पिठात गहू पडत होता का? तुम्हाला आठवत असेल तर दोन ओळी लिहा. हिंगणीला सगळे अजून म्हणतात की मी चोरून खात होते. मी खाल्लं नव्हतं. तुमची मास्तरीणबाई, रक्षा.'

तानबांनी पोस्टातून आंतरदेशीय पत्र आणलं. माझ्या फळीवर ठेवून त्यावर 'चि. रक्षास' एवढं लिहिलं. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्या निळ्या कागदावर पिठाचा थर बसला होता. असे चार निळे कागद मी पाहिले. चारही 'चि. रक्षास'च्या पुढे गेले नाहीत. तिचं पत्र त्यांनी माझ्या फटीत खोचलं, जिथे पट्टा ओढताना त्यांचा खांदा रोज लागायचा.

मित्रांनो, भुताची बाधा मी पाहिलेली नाही. पण सहा वर्षं मी रिकामी फिरू लागले की माझ्या आवाजाचे शब्द होत: पडत होता का, पडत होता का. तानबांना माणसांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. हे मात्र येत असावं. ते दळण संपायच्या आधीच मोटर बंद करायचे आणि मग हाताने पीठ खाली ओढत बसायचे. गावात घरोघरी छोट्या घरघंट्या आल्या, पिठाच्या तयार पिशव्या आल्या. माझ्याकडे गर्दी राहिली नाही. निळ्या झाकणाचा डबा आपल्याकडे येतो आहे असं मला कधी कधी भर दुपारी वाटायचं. दारात कुणीच नसायचं.

गेल्या महिन्यात धुरपताबाई गहू घेऊन आल्या. आता पाठीतून वाकल्या आहेत. गहू ओतून झाला, मी फिरू लागले. त्या कांताबाईंना ओरडून सांगत होत्या, "रक्षा येऊन राह्यली. बारावी झाली तिची. सात वर्सांनी येते म्हणे."

"चांगलं झालं ना माय!"

"चांगलंच हाय. पण कपाटाले कुलूप घालाच लागन. मोठी झाली, तरी खोड जाते का?"

कांताबाईंनी तानबांकडे पाहिलं. मग त्यांच्या कानाशी जाऊन तेवढं एकच वाक्य सांगितलं. कुलपाचं.

तानबांनी मोटर बंद केली. अर्धा गहू वर तसाच होता. दगड हळूहळू थांबले. त्यांनी फटीतून कागद काढला. घड्यांवर तो विरला होता. त्यांनी तो कांताबाईंना दिला आणि म्हणाले, "वाच. बाईले आयकव."

कांताबाईंनी वाचलं. धुरपताबाई माझ्या फळीच्या काठाला धरून ऐकत होत्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "पडत होता काय?"

तानबांनी ते त्यांच्या ओठांवरून ओळखलं.

"पडत नवता," ते म्हणाले. "मी टाकत होतो."

धुरपताबाई खाली बसल्या.

"काऊन?"

"वाळली होती पोरगी. म्हटलं, ताकद येईन."

"सात वर्सं झाले, तानबाभाऊ. त्याच्या आधी वरीसभर मी नातीचं तोंड हुंगलं. माह्या पदरात झोपाची ते पोरगी." त्यांनी पदर हातात घेतला आणि पुन्हा सोडला. "आता मी सांगून काय होते? माह्या बोलण्यावर तिचा इस्वास राह्यला नाई. तू लिहून दे. आत्ता."

पाचवा निळा कागद निघाला. त्यांनी माझी फळी पंच्याने पुसली आणि उभ्यानेच, एकेक शब्द मोठ्याने म्हणत लिहिलं. मी स्थिर होते. आयुष्यात इतकी स्थिर मी कधी राहिले नसेन.

'चि. रक्षास, तानबाचा आशीर्वाद. उत्तराला सहा वर्षं उशीर झाला. पिठात गहू पडत नव्हता, मी मूठभर टाकत होतो. कोणी सांगितलं नव्हतं, माझ्या मनाने. तुला बाधतो हे माहीत असून. तू चोरी केली नाही. हे पत्र घरात सगळ्यांना दाखव, गावातही दाखव. माझ्या चक्कीत तुझी ज्वारी पुन्हा दळायला देऊ नको. मी कितीही झाडली तरी तिच्यात गहू राहतो. तुझी आजी सांगते, कुलूप काढलं.'

"काढलं नाई अजून," धुरपताबाई म्हणाल्या. "पण लिही. घरी गेल्याबरोबर काढतो."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशा वेळी आपल्याला जपा म्हणून सांगतात. माझं मागणं तेवढं मोठं नाही. एखादं मूल म्हणालं की हे मला बाधतं, तर त्याच्या शब्दावर आपलं प्रेम मूठभरसुद्धा टाकू नका. आणि त्याने काही विचारलं, तर उत्तर द्या.

माझ्या दारातून समोरच्या भिंतीवरची लाल पेटी दिसते. तानबा रस्ता ओलांडून गेले. मागे दोघी उभ्या होत्या. तानबांनी पत्र आत सरकवलं. ते तळाशी पडल्याचा आवाज मला इथपर्यंत आला, कारण मी बंद होते. त्यांना तो ऐकू आला नाही. म्हणून त्यांनी पेटीच्या तोंडात बोटं घातली, आत चाचपून पाहिलं, आणि कुठेच काही अडकलेलं नाही याची खात्री झाल्यावरच हात बाहेर काढला.