ओळख गुप्त ठेवलेल्या बाईंचा जाहीर सत्कार

झाई गावच्या जमुनाबाई डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकतात. गिऱ्हाईक माल घेणार की नुसतंच नाक मुरडणार, हे त्या लांबूनच ओळखतात. तरी मोबाइलवरच्या एका कप्तानाने त्यांना वर्षभर झुलवलं. विधवा बाईला रोज कुणीतरी ‘जेवलीस का?’ विचारत होतं, त्यात त्या पाघळल्या. कप्तान ना जहाजावर होता, ना कप्तान होता. दीड लाख घेऊन पसार झाला.

तक्रार करायला जीव धजेना. लेकीचं, निलमचं, लग्न वेवजी गावात जमलं होतं; साखरपुडा पंधरा दिवसांवर आला होता. व्याह्यांच्या कानावर गेलं तर? शेवटी हिय्या करून त्यांनी हेल्पलाइनला फोन लावला, मग पोलीस ठाणं गाठलं. साहेबांनी तक्रार लिहून घेतली, त्या भामट्याचं खातं गोठवायला लावलं आणि म्हणाले, "बाई, तुमचं नाव या कानाचं त्या कानाला कळणार नाही." जमुनाबाईंना रडूच आलं.

आता एवढी धाडसी तक्रार पोटात ठेवायची तरी कशी? साहेबांनी तरुण मंडळाच्या विनोदभाऊंना विश्वासात घेतलं. विनोदभाऊंनी मंडळाच्या समितीला घेतलं. समितीने फ्लेक्सवाल्याला.

आठव्या दिवशी तलासरीत सायबर जागृती मेळावा भरला. ‘बचत गटाचा कार्यक्रम आहे’ सांगून जमुनाबाईंना बोलावलं होतं. व्यासपीठामागचा फ्लेक्स बघून त्या मांडवाच्या तोंडाशीच थबकल्या: ‘प्रेमाच्या जाळ्यातून सुटलेल्या रणरागिणीचा सत्कार’. नाव छापलं नव्हतं, कायदा पाळायला नको? फोटो मात्र होता, बोंबलांच्या टोपलीसकट. डोळ्यांवर काळी पट्टी मारली की माणूस ओळखू येत नाही, अशी समितीची ठाम समजूत.

विनोदभाऊंनी हाताला धरून त्यांना वर नेलं, शाल घातली, नारळ दिला आणि हळूच म्हणाले, "काकी, पदर जरा पुढे घ्या, ओळख गुप्त आहे." मग माइक पुढे केला. "तो काय काय लिहायचा, ते दोन शब्दांत सांगा."

तिसऱ्या रांगेतून निलमचे होणारे सासरे, चंदर, उठले. बायकोला खूण केली आणि मागे न बघता मांडवाबाहेर गेले. जमुनाबाई ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या. मग त्यांनी पदर मागे टाकला.

"तो चोर होता, खोटारडा होता," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "पण वर्षभर त्याने माझं नाव कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला आठ दिवससुद्धा दम निघाला नाही."

सगळ्यात आधी टाळ्या विनोदभाऊंनी वाजवल्या.