न ओढलेली गाठ

आर्लेटाची मासेमारीची काठी गॅरेजच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली होती. तंगुसाच्या टोकाला तिनंच बांधलेलं जिग होतं. वाटाण्यापेक्षा जरा मोठं शिशाचं डोकं, त्यातून निघालेला जाड गळ आणि भोवती काळ्यानिळ्या रबराची झालर. बास माशाला ते तळाशी सरपटणाऱ्या खेकड्यासारखं दिसतं. रोज संध्याकाळी व्हर्लिन त्या जिगचा गळ मुठीच्या वरच्या बारीक कडीत अडकवायचा, रीळ दोन वेढे फिरवून तंगूस ताणायचा आणि दिवा मालवून घरात जायचा. सकाळी कॉफीचा कप घेऊन दार उघडलं की जिग कडीतून सुटून लोंबत असायचं. कधीकधी हलतही असायचं.

पहिल्यांदा त्याला वाटलं, आपणच नीट अडकवलं नसेल. दुसऱ्यांदा वाटलं, उंदीर असेल. महिनाभरानंतर त्यानं कारण शोधणं सोडून दिलं. तो नुसता "उठलीस का?" म्हणायचा आणि कॉफी प्यायचा.

आर्लेटाला जाऊन वर्ष होत आलं होतं.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी तिचा धाकटा भाऊ हॉयट सकाळी सकाळीच आला. हातात सॉसेज घातलेल्या, पावासारख्या मऊ बिस्किटांची पिशवी, गालात तंबाखू.

"दाजी, तलाव चांगलाच उतरलाय. बुडालेल्या घराची चिमणी छातीपर्यंत वर आलीय. ताई असती तर तुम्हाला पहाटे चारलाच लाथ घालून उठवलं असतं."

"साडेतीनला," व्हर्लिन म्हणाला.

हॉयटचं लक्ष काठीकडे गेलं. जिग लोंबत होतं.

"हे असं कशाला लोंबत ठेवलंय? कुणाच्या तरी डोळ्यात जाईल."

"मी नाही ठेवत. रात्री अडकवतो, सकाळी सुटलेलं असतं."

"रीळ सैल पडत असेल. ते रीळ माझ्या ट्रकपेक्षा म्हातारं आहे."

"रीळ ठीक आहे."

"मग भूत आहे म्हणा!" हॉयट हसला, आणि आपण कुणाला भूत म्हणालो ते त्याच्या लक्षात आलं. त्यानं तंबाखू या गालातून त्या गालात घेतली आणि बोटीत सामान भरायला लागला.

व्हर्लिननं भिंतीवरून आपल्या दोन काठ्या उतरवल्या. मग जरा थांबून तिसरीही उतरवली.

तलावापर्यंतच्या वाटेत हॉयट एकटाच बोलत होता. त्यानं मागच्या सीटवरून आर्लेटाची आमिषांची पेटी मांडीवर घेतली आणि झाकण उघडलं.

"अरे देवा. दाजी, हे काय केलंत?"

मधल्या कप्प्यात प्लास्टिकच्या अळ्यांचा एक गोळा झाला होता. भोपळ्याच्या सालीसारखा हिरवा, जांभळा, काळा, सगळे रंग एकमेकांत विरघळलेले. त्या गोळ्यात दोन लाकडी मासे बुडाले होते आणि त्यांचा रंग निघून खालचं पांढरं लाकूड दिसत होतं.

"नीट लावून ठेवत होतो," व्हर्लिन म्हणाला.

"तरंगणाऱ्या अळ्या आणि मीठ घातलेल्या अळ्या एकत्र टाकल्यात? पाकिटातून काढून? ही चूक मी अकराव्या वर्षी केली होती. ताईनं महिनाभर मला तिच्या पेटीला हात लावू दिला नव्हता."

"माहितेय मला."

"सत्तर वर्षांचे झालात हो तुम्ही."

"एकाहत्तर."

आर्लेटाची पेटी बघणाऱ्याला उकिरडा वाटायची, पण प्रत्येक अळी आपापल्या पाकिटात असायची आणि डोळे मिटून तिचा हात बरोबर हव्या त्या पाकिटावर जायचा. ती गेल्यानंतरच्या आठवड्यात, काय करावं ते न सुचून, व्हर्लिननं सगळी पाकिटं फोडून अळ्या रंगानुसार ओळीत लावल्या होत्या. पेटी किती छान दिसत होती. मग जुलै आला, आणि गॅरेजच्या पत्र्याखाली सगळं एकमेकांना खात बसलं. त्यानं ती पेटी पुन्हा साफ केली नाही. जिग अडकवण्यापलीकडे तिच्या कुठल्याच वस्तूला हात लावायची त्याला भीती बसली होती. काठीवरची ती गाठ तेवढी उरली होती, आणि त्या गाठीची भीती सगळ्यात जास्त होती.

तिचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

शेहेचाळीस वर्षं त्यांच्या बोटीत एक नियम होता. एकानं बांधलेली गाठ दुसऱ्यानं ओढायची. दोन झटके, जोरात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी आर्लेटाचा एक मोठा बास गाठीतून सुटून गेला होता, तेव्हा तिनं तो नियम केला. "ज्यानं बांधली त्याला ती चांगलीच दिसते," ती म्हणायची. गाठ सुटली तर रागवायचं नाही, चिडवायचं नाही. पुन्हा बांधायची.

मागच्या ऑक्टोबरात ते शेवटचे तलावावर आले होते. औषधांनी तिची बोटं बधिर झाली होती. जिग बांधायला तिनं इतका वेळ घेतला की समोरच्या डोंगरावरून ऊन पाण्यापर्यंत उतरलं. त्यानं एकदाच हात पुढे केला.

"हात लावलास तर पाण्यात ढकलीन," ती म्हणाली.

शेवटी तिनं जिग त्याच्यासमोर धरलं. "ओढ."

त्यानं पाहिलं. दुहेरी तंगुसाचा एक पदर दुसऱ्यावर चढला होता. अशी गाठ दिसायला गाठच असते, पण मोठा मासा लागला की घसरते. इतर कुठल्याही दिवशी त्यानं झटका दिला असता आणि ती सुटली असती. त्या दिवशी त्यानं जिग दोन बोटांत धरलं, ओढल्यासारखं केलं आणि म्हणाला, "पक्की आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं जिग कडीत अडकवलं आणि रीळ दोन वेढे फिरवलं. "आज नको. थंडी वाजतेय. पुढच्या वेळी टाकीन."

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ती गेली.

तलावावर धुकं होतं. बोट धक्क्यावरून सुटली आणि दहा हातांवर धक्का दिसेनासा झाला. हॉयट मागे बसला. व्हर्लिन मधल्या सीटवर बसून पुढची विजेची मोटर पायानं चालवत होता. पुढची उंच सीट आर्लेटाची. तिच्यावर कुणी बसलं नाही.

चिमणी आधी दिसली नाही, जवळ आल्याचं फक्त कळलं. पाण्याचा वास बदलतो तिथे, ओल्या दगडाचा होतो. मग धुक्यातून ती वर आली, काळी, चौकोनी, डोक्यावर एक बगळा. हे लेडफर्डांचं, आर्लेटाच्या माहेरचं घर. धरण बांधलं तेव्हा आर्लेटा सहा वर्षांची होती. तिच्या वडिलांनी दारं नेली, पत्रे नेले. चिमणी आणि दगडी पायऱ्या राहिल्या. हॉयट त्यानंतरचा, त्यानं ते घर पाण्याबाहेर कधी पाहिलंच नव्हतं. दरवर्षी शरदात पाणी उतरलं की पायऱ्या दीड पुरुष खोलीवर यायच्या आणि त्यांच्या कडेला मोठे बास उभे राहायचे. आर्लेटा जिग पायऱ्यांवर टाकताना दरवेळी म्हणायची, "घरी जाऊन येते."

"दाजी," हॉयट हळूच म्हणाला. "बडीशेपेचं तेल सांडलंय का?"

व्हर्लिनलाही वास आला होता. धक्का सोडल्यापासून येत होता. आर्लेटा बोटांना ते तेल लावायची, माणसाचा वास माशाला कळू नये म्हणून. तिची बाटली घरी स्वयंपाकघरात खिडकीत होती, बूच घट्ट लावलेली.

"नाही," तो म्हणाला.

"मग हा पुढून कुठून..." हॉयट थांबला. पुढची सीट फिरली होती, तिची पाठ आता चिमणीकडे होती आणि तोंड त्यांच्याकडे. लाटेनं फिरली असेल. पाण्यावर लाट नव्हती.

व्हर्लिननं आर्लेटाची काठी उचलली.

"ताईची टाकणार? खरंच?"

"आधी ओढायची आहे."

त्यानं कडीतून जिग सोडवलं. ही गाठ गेली की तिच्या हातचं काही उरणार नव्हतं, आणि हे त्याला वर्षभर माहीत होतं. त्यानं रिकाम्या सीटकडे बघितलं.

"आर्लेटा, गाठ चुकली होती," तो मोठ्यानं म्हणाला. "मी ओढली नाही. खोटं बोललो."

हॉयटनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

व्हर्लिननं पहिला झटका दिला. गाठ टिकली. क्षणभर त्याला वाटलं आपलंच चुकलं, ती बरोबर होती. दुसऱ्या झटक्याला जिग त्याच्या हातात आलं. तंगुसाचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलं होतं. असं टोक बासवाल्याला लगेच समजतं: तंगूस तुटला नाही, गाठ घसरली.

तो रडला नाही. वळलेलं टोक त्यानं कापून शर्टाच्या खिशात टाकलं. चाळिशीवर साचलेलं धुकं पुसलं, तंगूस दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून ओवला, गाठ मारली, फास जिगवरून उतरवला. घट्ट करण्याआधी गाठ तोंडात धरून ओली केली. जिभेला बडीशेप लागली.

मग सवयीनं त्यानं जिग पुढच्या सीटसमोर धरलं.

"मी ओढू का?" मागून हॉयटनं विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"तू नको."

तो हात तसाच धरून बसला. कुणी ओढलं नाही. हात दुखायला लागला तेव्हा त्यानं तो खाली घेतला आणि जिग चिमणीच्या डाव्या अंगाला टाकलं, जिथे ती टाकायची. जिग बुडालं. पहिल्या पायरीवर ठक्क झालं, ते काठीतून हाताला कळलं. त्यानं टोक जरासं उचललं. दुसरी पायरी. तिसरी. तिथे दार होतं.

तिथे तंगूस थांबला. आणि मग कुणीतरी ओढलं. दोन झटके, जोरात.

"काठी वर मारा!" हॉयट ओरडला. त्यालाही पाण्यावर तंगूस उडताना दिसला होता. "मारा की दाजी! झोपलात का? घेतलंय त्यानं!"

व्हर्लिननं गळ रुतवायला काठी मारली नाही. तो नुसता धरून बसला. तंगूस हळूहळू सैल झाला आणि धुक्यात पाण्यावर पसरला.

"गेला!" हॉयटनं टोपी बोटीच्या तळाशी आपटली. "अहो, असा मासा जन्मात एकदा येतो! शाळकरी पोरानंसुद्धा मारला असता!"

व्हर्लिननं रीळ गुंडाळलं. जिग वर आलं तसं त्यानं हॉयटसमोर धरलं. बासचे दात कानशीसारखे असतात, चाटून गेला तरी रबरावर ओरखडे राहतात. जिगची झालर नवीकोरी होती.

हॉयटनं ते बोटांनी उलटंपालटं केलं.

"गाठ पक्की आहे," व्हर्लिन म्हणाला.

वास गेला होता. आता नुसता दगडाचा आणि पाण्याचा वास येत होता. त्यांनी आणखी कुठे काही टाकलं नाही. परतताना हॉयटनं अर्धं बिस्किट त्याला दिलं आणि उरलेलं स्वतः खाल्लं. ट्रकमध्ये बसल्यावर हॉयट फक्त एवढंच म्हणाला, "पेटी मी नेतो. साफ करून देतो. पाकिटं पहिल्यासारखीच आणीन."

संध्याकाळी व्हर्लिन गॅरेजमध्ये गेला. काठी दोन खुंट्यांवर ठेवली. जिग हातात घेतलं आणि कडीपर्यंत नेलं.

तिथेच तो थांबला. आता गाठ बरोबर होती, ओढून बघितलेली होती, आर्लेटाचं इथे काही काम उरलं नव्हतं. उद्या सकाळी दार उघडलं आणि जिग कडीतच असलं तर?

त्यानं जिग सोडून दिलं. ते लोंबत राहिलं, थोडा वेळ हललं. ते थांबायच्या आत त्यानं दिवा मालवला.