मीटरच्या काचेवरचा लाल ठिपका

लढाईनंतर लिलावात निघालेला लष्करी ट्रक वाशीमच्या बापूरावांनी घेतला, तेव्हा त्याचे टायर पार गुळगुळीत झाले होते. त्या मापाचे नवे कुठे मिळेनात. मग बापूरावांनी कुठूनसे मोठ्या मापाचे आणवले आणि चढवले. गाडी एकदम रुबाबदार दिसायला लागली आणि मालक खूश झाले. मालकांना गाडी बाहेरून पाहायची असते, चालवायची दुसऱ्यानं असते.

तो दुसरा म्हणजे हेमसिंग. आसेगावच्या बाजूच्या तांड्यातला. पहिल्याच खेपेला त्याला खटकलं. वेगाच्या मीटरचा काटा पंचवीस मैलांवर आणि रस्ता मात्र भराभर मागं पळत होता. रंगराव मिस्त्रीनं सांगितलं, "चाक मोठं झालं ना रे. एका फेऱ्यात जास्त रस्ता कापून राह्यलं. मीटरले ते काय माहीत? ते जुन्याच हिशेबानं कमी दाखवते."

मीटर बरोबर करायचं तर आतलं एक दातेरी चक्र बदलावं लागणार होतं आणि ते नागपूरहून यायचं होतं. बापूराव म्हणाले, "मागवू." त्यांचं हे 'मागवू' सगळ्या वाशीमला ठाऊक होतं. शेवटी मिस्त्री स्वतःच हातघड्याळ घेऊन हेमसिंगच्या शेजारी बसला. एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत गाडी नेऊन आणून त्यानं खरा वेग काढला आणि मीटरच्या काचेवर, बावीसच्या जवळ, लाल रंगाचा ठिपका दिला. "हे तुहे खरे पंचवीस. माल भरला असला का काटा याच्या पुढं जाऊ द्याचा नाई." हेमसिंगनं ते पाळलं. आकड्यांकडे बघणंच सोडून दिलं.

दसऱ्याला ट्रक तांड्यात उभा होता. हेमसिंग हिवतापानं फणफणून घरात पडला होता, तेव्हा पूजा त्याच्या बायकोनं, जमनाबाईनं केली. ती काही अर्धवट काम करणारी बाई नव्हती. चाकं धुतली, दिवे धुतले, आत चढून सगळी धूळ पुसली. मीटरच्या काचेवर कडेला कसलासा लाल डाग होता. गेल्या साली कुणी तरी वेडंवाकडं लावलेलं कुंकू, असं तिला वाटलं. जुनं कुंकू ठेवून त्यावर नवी पूजा कशी करायची? तिनं नखानं तो खरवडून काढला. मग तेलात कालवलेल्या कुंकवाचा टिळा काचेच्या बरोब्बर मधोमध, वरच्या अंगाला लावला. तिथं तीसचा आकडा होता. जमनाबाईला आकडे वाचता येत नव्हते. तिनं हात जोडले आणि गाडीला म्हणाली, "माह्या माणसाले सांभाळजो."

दुसऱ्या दिवशी भुईमुगाच्या शेंगांची पोती वाशीमच्या बाजारात न्यायची होती. हेमसिंगला उठवत नव्हतं. गाडी अमरसिंगच्या हाती आली. अमरसिंग जमनाबाईचा धाकटा भाऊ. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा तिनंच त्याला वाढवलेला, आणि नुकतंच त्याला लायसन मिळालेलं. हेमसिंगनं वाकळीतूनच बजावलं, "आकडे पाहू नको. आकडे खोटे हायेत. काचेवर लाल ठिपका हाये, तो पाह्य. काटा त्याच्या पुढं गेला त याद राख."

"नाई जाणार, दाजी."

आणि तो गेला नाही. काटा कुंकवाच्या टिळ्याला टेकला की पोरगा पाय सैल करायचा. पण त्या टिळ्यापाशी गाडी खरी चौतीस-पस्तिसानं पळत होती. वर शेंगांची पोती रचलेली, त्यावर तांड्यातला सोमला बसलेला. आसेगावपुढच्या नाल्याच्या वळणावर ट्रक कलला आणि उलटला. अमरसिंगच्या हाताचं हाड मोडलं. सोमला पोत्यांखाली जागच्या जागी गेला.

लोकांनी काय म्हणायचं ते म्हटलंच. नवं पोरगं, नवी मिजास, बेफाम हाकली. पोलिसांचं काय व्हायचं ते वाशीमला होणार होतं. पण सोमला तांड्याचा, मारणारा तांड्याचा, तेव्हा तांड्यानंही निवाडा करायचा होता. दिवसकार्य झाल्यावर तांड्याचा प्रमुख हरिसिंग नायक यानं माणसं बोलावली. प्रश्न एकच होता. अमरसिंगनं सांगितल्याप्रमाणे गाडी चालवली असेल तर ते देवाचं करणं. मस्तीत हाकली असेल तर त्यानं तांडा सोडायचा.

भाऊ म्हणजे जमनाबाईच्या लेखी पहिलं मूलच होतं.

मोडका हात गळ्यात बांधून अमरसिंग उभा राहिला. "दाजीनं सांगतलं होतं, लाल ठिपक्याच्या पुढं नाई. मी नाई जाऊ देला. सेवाभायाची आण."

"कोणता ठिपका?" नायकानं विचारलं.

"काचेवर होता ना. मधात, वरच्या आंगाले."

बायकांत बसलेली जमनाबाई ताडकन उभी राहिली. तिला तो टिळा दिसला, तेलाचं बोट दिसलं, नखात अडकलेला जुना लाल रंग दिसला. बाईमाणसानं अशा बैठकीत मधे बोलायचं नसतं, पण तिला कसलं भान.

"नायका, तो ठिपका नव्हता! ते माह्या हातचं कुंकू होये! मिस्त्रीचा ठिपका म्याच खरवडला. मले वाटलं जुनं कुंकू हाये. पोराचा काई दोष नाई. दोष माहा हाये!"

सोमलाची बायको कस्तुराबाई तिच्याकडे बघत राहिली. एक म्हातारी पुटपुटली, "पूजेच्या कुंकवानं माणूस मेला?" आणि शेजारची बाई जमनाबाईपासून जराशी सरकून बसली.

ते सरकणं हेमसिंगनं पाहिलं.

नायक त्याच्याकडे वळला. "हेमसिंग, उलटलेली गाडी तू पाह्यली. ठिपका कुठं होता काचेवर?"

हेमसिंगनं पाहिली होती. ताप अंगात असतानाच तो नाल्यावर गेला होता. तडकलेल्या काचेच्या मधोमध टिळा होता, कडेचा ठिपका नव्हता. सगळं त्याला तिथंच कळलं होतं. आणि त्यानं सदऱ्याच्या टोकानं ती काच पुसून टाकली होती. उद्या एखादं लेकरू दगावलं, गाय आटली, तरी बोट जमनाकडेच जाईल. हिच्या हातचं कुंकू कुणी लावून घेणार नाही. पुढं डाकीण म्हणायलाही कमी करणार नाहीत, हे तो जाणून होता. असल्या बायांचं काय होतं ते त्यानं पाहिलं होतं.

"काचीवर काईच नव्हतं," तो म्हणाला. "ना ठिपका, ना कुंकू."

"खोटं काहून बोलता?" जमनाबाई किंचाळली. "तुमीच त ठिपक्याचं सांगतलं त्याले!"

"सांगतलं होतं. तो पहिलेच झडून गेला असंल. यानं न पाहताच हाकली."

नायकानं मान हलवली. रागानं नाही, समजुतीनं. "बहीण हाये. भावाले वाचवाले बोलून राह्यली. बस, जमना."

अमरसिंगनं दाजीकडे पाहिलं. मग सरकून बसलेल्या त्या बाईकडे, मग बहिणीकडे. पोरगा काही बुद्दू नव्हता. तो खाली बघून म्हणाला, "दाजी बरोबर बोलून राह्यले. म्याच जोरात नेली."

दुसऱ्या दिवशी तो तांडा सोडून गेला. जमनाबाईनं पाय धरले, पदर पसरला, तो ऐकेना. तिनं मोठ्यांदा पुन्हा पुन्हा खरं सांगितलं आणि जितकं सांगितलं तितकी लोकांना तिची जास्तच कीव आली.

"तुह्याच साठी केलं," हेमसिंग एवढंच म्हणाला.

"मले इचारलं होतं?" तिनं विचारलं.

मग ती रोज कस्तुराबाईच्या घरी पाणी भरायला जाऊ लागली. एके दिवशी कस्तुराबाई म्हणाली, "तुह्या भावानं केलं, तू काहून कष्ट करतं?"

"भावानं नाई. म्या मारलं तुह्या माणसाले. या हातानं. मले शिव्या दे, मार, काई तरी कर."

कस्तुराबाईनं तो हात आपल्या हातात घेतला. स्वतःच्या नवऱ्याला रडून आधीच सुजलेल्या डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "लेकरावानी वाढवला ना तू त्याले. समजते मले. आता नोको बोलू असं."

जमनाबाईला वाटलं, हिनं निदान एकदा तरी आपला हात झिडकारावा. कस्तुराबाईनं तो सोडला नाही.