कच्च्या लिंबाची जीप

मी जीप बोलतेय. घनसावंगीच्या अलीकडे आबारावांचा गोठा आहे, त्याच्या शेजारी चिंचेखाली मी उभी असते. बॉनेट दुमडलेलं, डावा दिवा फुटलेला, टायरांत हवा नाही. मागच्या सीटवर कोंबड्या बसतात, त्यांना कुणी हाकलत नाही. मलाही त्याचं काही वाटत नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. त्यातल्या वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ताज्या रंगाचा वास एवढंच आठवतं. पहिला मालक जुन्या जालन्यातला धान्याचा व्यापारी. तिथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की रिक्षांना वाट देता देता माझे दोन्ही आरसे पहिल्याच वर्षी गेले. तुरीची पोती वाहून माझी पाठ खिळखिळी झाली तेव्हा त्यानं मला विकलं आणि आबारावांनी मला गावी आणलं.

आबारावांची शेती बऱ्यापैकी, कापूस आणि ऊस. ते मला बैलगाडीसारखी हाकत. चढावर तोंडानं "हं, चल" म्हणत. त्यांच्या बायकोनं, जयवंताबाईनं, पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लावलं आणि दर दसऱ्याला ते ताजं केलं. बरे दिवस होते.

त्यांचा मुलगा कल्याण. बारावी झाली, अठरा पूर्ण झाली आणि त्यानं लायसन काढलं. कापूस उपटलेल्या रानात तो माझ्यावर गाडी शिकला. त्याचा हात चांगला होता. गिअर टाकताना तो माझा आवाज ऐकायचा. आबारावांना इतक्या वर्षांत जे कळलं नव्हतं, ते त्याला आठवडाभरात कळलं.

"बापू, ब्रेक दाबला की गाडी डावीकडं ओढून राह्यली."

"जुनी गाडी हाय, तसं व्हायचंच. हळू चालवायची," आबाराव म्हणाले.

हळू चालवणाऱ्याचं त्यानं काही बिघडत नव्हतं, हेही खरं.

कल्याणला गाड्यांचं वेड होतं आणि गावात त्याबद्दल बोलायला कुणी नव्हतं. मग त्याला मोबाइलवर 'स्टिअरिंग मंडळी' नावाचा ग्रुप सापडला. कुठकुठले गाडीवेडे त्यात होते. लिहायचा सगळ्यांना कंटाळा, त्यामुळे आवाजच पाठवत. कल्याण घरात ऐकायला लाजायचा. तो माझ्यात येऊन काचा वर करून बसायचा. म्हणून ते सगळं मीही ऐकलं.

पहिल्या दिवशी तो इतका खूश होता, की त्यानं माझं स्टिअरिंग कापडानं पुसलं आणि माझा फोटो काढून पाठवला. मग घसा साफ करून बोलला, "नमस्कार. मी कल्याण, जालना जिल्हा. नवीनच शिकलोय. ब्रेक मारला की आमची जीप डावीकडं ओढते. काय असंल? कुणाला माहीत असंल तर सांगा."

उत्तरं भराभर आली. एक म्हणाला, ही गाडी आहे की कोंबड्यांचं खुराडं. दुसऱ्यानं त्याच्या बोलण्याची नक्कल केली, "काय असंल, काय असंल," आणि मागं चारपाच जण हसले. ग्रुपचा प्रमुख स्वतःला वायुवेग म्हणवायचा. त्याचा आवाज जाड आणि संथ होता.

"इथं नवा माणूस म्हणजे कच्चा लिंबू. कच्च्या लिंबानं प्रश्न विचारायचे नाहीत. आधी ऐकायचं. आणि ज्याला ब्रेकची एवढी काळजी, त्यानं सायकल घ्यावी."

एकच आवाज वेगळा होता. तृप्ती नावाची मुलगी, जालन्यात कॉलेजला. तीही नवीनच. ती म्हणाली, "एका बाजूचा ब्रेक जास्त धरत असेल. मेकॅनिकला दाखव. तोवर जोरात पळवू नको."

त्यावर ग्रुपात जे सुरू झालं ते मी सगळं सांगत नाही. दोन लिंबांची जोडी जमली, लोणचं घाला, असं बराच वेळ चाललं. तृप्ती ग्रुप सोडून गेली. कल्याणला तिला थँक्यू म्हणायचं होतं. त्यानं बोलायला बटण दाबलं, थोडा वेळ धरलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर माझं नाव 'डावखुरी' पडलं. कल्याणनं काहीही पाठवलं की कुणीतरी विचारायचं, डावखुरी कशी आहे? तो हसण्याच्या खुणा पाठवायचा. माझ्यात बसलेला तो मात्र हसत नसे. ब्रेकचं पुन्हा त्यानं कुणाजवळ काढलं नाही, ना बापाजवळ ना मिस्त्रीजवळ. दुखणं सांगितलं की हसू होतं, एवढं तो शिकला. मला ते कळत होतं, पण मला तोंड नाही.

लिंबू हे नाव पुसायची एकच रीत होती. मोकळ्या हायवेवर गाडी पळवायची, काटा शंभरावर नेऊन दाखवायचा आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा. वायुवेग एकदा कल्याणचं नाव घेऊन म्हणाला, "जालन्याचं लिंबू पिकतं का सडतं, बघू."

जयवंताबाईची बहीण शहागडला दिलेली. तिला भेटायला जायचं होतं. कल्याण म्हणाला, मी सोडतो. सकाळी निघालो. जयवंताबाई मागं बसली होती, मांडीवर भाकरीचं फडकं. हायवेला लागल्यावर कल्याणनं मोबाइल काचेपाशी उभा केला.

"ते कशाला रे?"

"रस्ता दिसतो त्यात."

मी कधी एवढी पळाले नव्हते. माझे दरवाजे थरथरत होते.

"कल्याण, एवढी का पळवून राह्यला?"

"काही न्हाई आई. रस्ता मोकळाय."

रस्ता मोकळा नव्हता. पुढं मेंढरं ओलांडत होती. निम्मी पलीकडे गेली होती, निम्मी डावीकडच्या कडेला थांबली होती, आणि त्यांच्यात एक बाई काठी आडवी धरून उभी होती. उजवी बाजू रिकामी होती. कल्याणनं तिकडं वळवलं आणि ब्रेक दाबला. तो त्याच्या परीनं बरोबरच वागला.

मी डावीकडे गेले.

कळपात शिरून, कडेच्या खड्ड्यातल्या दगडावर आदळून थांबले. इंजिन बंद पडलं. जयवंताबाईच्या कपाळातून रक्त येत होतं. ती त्याच्याकडे न बघता उतरली आणि थेट त्या बाईपाशी गेली. बाईचा पाय गुडघ्याखाली वाकडा झाला होता. ती ओरडत नव्हती. शेजारी पडलेल्या मेंढीच्या पोटावर हात ठेवून बसली होती.

"गाभण व्हती," ती म्हणाली. तिचं नाव साळूबाई.

जयवंताबाईनं भाकरीचं फडकं सोडून तिच्या पायाला बांधलं. ट्रकवाले थांबले, कुणी ॲम्ब्युलन्स बोलावली. कल्याण रस्त्यात उभा होता, हात लोंबते सोडून. मोबाइल माझ्या पेडलांपाशी पडून अजून चालूच होता.

पुढं केस झाली. आबारावांनी ओळखीपाळखी काढल्या नाहीत. "जे झालं ते बराबर सांग, कमी न्हाई, जास्त न्हाई," एवढं ते पोराला म्हणाले. मी काही दिवस पोलीस ठाण्याच्या आवारात होते, मग मला ओढून चिंचेखाली आणलं.

त्या दुपारी कल्याण माझ्यात येऊन बसला. वाकलेला दरवाजा पूर्ण लागला नाही. त्यानं ग्रुपला सगळं सांगितलं, मेंढरांचं, साळूबाईच्या पायाचं, आईच्या कपाळाचं. आवाज सरळ होता, रडला नाही. शेवटी म्हणाला, "ब्रेकचं मी विचारलं व्हतं."

पहिलं उत्तर आलं, "मटण पार्टी कधी?" मागोमाग हसण्याचे आवाज. मग वायुवेग बोलला. या वेळी तो घाईत होता. "जो तो आपल्या जबाबदारीवर गाडी चालवतो. ग्रुपचा संबंध नाही. सगळ्यांनी जुने मेसेज काढून टाका." त्यानंतर मोबाइल गप्प झाला. कल्याणला ग्रुपातून काढलं होतं. तो मोबाइल खिशात घालून गुरांना पाणी पाजायला गेला.

दवाखान्यात साळूबाईला आबारावांनी विचारलं होतं, काय करू? ती म्हणाली, "माझा कचरू एकटा पडला. मेंढरांना एक माणूस पुढं लागतो, एक मागं. पाय बसस्तवर मागं कोण चालंल?"

आबाराव घरी येऊन काही बोलायच्या आत कल्याण म्हणाला, "मी जातो."

कचरू हा साळूबाईचा मुलगा. तो पहिल्या दिवशी त्याच्याशी एवढंच बोलला, "मागं राह्य. गाडी आली की हात वर कर."

तेव्हापासून कल्याण मेंढरांमागं चालतो. रस्ता ओलांडताना मधोमध उभा राहून हात वर करतो. काही गाड्या थांबतात. काही हॉर्न दाबत अंगाला घासून जातात.

साळूबाईचा पाय जुळला, पण ती लंगडते. परवा कळप इकडच्या रानात उतरला होता. ती काठी टेकत पाणी प्यायला आली आणि माझ्या पुढच्या बंपरवर बसली.

"हीच का ती?"

"हीच," जयवंताबाई म्हणाली.

साळूबाईनं तांब्या रिकामा केला. "पोरगं चांगलं चालतं तुझं. मेंढरं ऐकत्यात त्याचं. बोलत न्हाई तेवढं."

"घरी बी न्हाई बोलत."

 कपाळावरच्या वणावर जयवंताबाईनं पदर ओढला. कल्याण बांधावर पाठमोरा उभा होता.

मला न्यायला भंगारवाला येणार आहे. माझी तक्रार नाही, लोखंडाचं पुन्हा काहीतरी होतं. जायच्या आधी एकच सांगते. तुम्ही अशा कुठल्या मंडळींत असाल आणि एखादं नवं पोर घसा साफ करून काही विचारायला आलं, तर त्याला उत्तर द्या. येत नसेल तर येत नाही म्हणा, त्यानं कुणी लहान होत नाही. पण हसू नका. पोर तुमच्यासमोर हसल्यासारखं करतं आणि नंतर कुणालाच काही विचारत नाही.

येते मी.