मिठाचा बर्फ

श्रीपेरुंबुदूरच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकीमागे एक तुंबल्या होत्या आणि अँब्युलन्सचा भोंगा उगाच घसा कोरडा करत होता. अवयव नेणाऱ्या पथकाची प्रमुख रुचिरा आत होती, तिच्या पायाशी पेटी. पेटीत बर्फ, बर्फात तीन पिशव्यांत बंद केलेलं एका अनोळखी माणसाचं यकृत. एग्मोरच्या हॉस्पिटलात सहाना त्याचीच वाट पाहत होती. हे हातचं गेलं, तर दुसरं मिळेपर्यंत ती टिकणार नव्हती.

त्यात गाडीचा एसी बंद पडला. चेन्नईचा मे महिना हक्काने आत येऊन बसला आणि पेटीवरचा तापमानाचा आकडा चार अंशांवरून आठावर चढला.

"सिद्धार्थ, काहीही कर, पण गारवा जाऊ देऊ नकोस!" रुचिरा खेकसली आणि फोनला लागली. सिद्धार्थ नाशिकचा, पथकात नवा. त्याने पळत जाऊन सरबतवाल्याकडून बर्फाची दोन पोती आणली आणि एक पेटीत रिकामं केलं.

फोनवर सहानाचे वडील होते, राणोजी. घराणं मूळचं तंजावरचं, उन्हालाही ते वेयिलच म्हणत. "अम्मा, वेयिल भारी आहे. बर्फ पुष्कळ घाला हो."

"घातलाय, अप्पा."

आकडा उतरला. सहा. चार. रुचिराने सुस्कारा सोडला. पण मेला थांबेचना! तीन. दोन. एक.

गोठलेलं यकृत म्हणजे फ्रीजरमध्ये विसरलेला टोमॅटो, वरून साजरा आणि वितळला की नुसतं पाणी. सगळे उन्हाच्या नावाने बोटं मोडत बसले आणि वैरी निघाला गारवा! साधा बर्फ आकडा असा धावत खाली नेत नाही. तिने पिशव्यांबाहेरच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

"मीठ घातलंस?"

"खडेमीठ, मॅडम. घरी पॉटचं आइस्क्रीम करताना घालतो ना... बर्फ जास्त गार होतो."

"वेंकट, गाडी बाजूला घे!"

ड्रायव्हरने गाडी कडेला दाबली. रुचिरा आणि सिद्धार्थने खारा बर्फ रस्त्यावर ओतला, पिण्याच्या पाण्याने पिशव्या बाहेरून धुतल्या, दुसऱ्या पोत्यातला साधा बर्फ भरला. आकडा एकावर अडून बसला. कितीतरी वेळाने दोन झाला. मग तिने सर्जनना, डॉक्टर कल्पनांना, फोनवर सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

"आणा. हात लावून बघते, मग ठरवू."

ऑपरेशन थिएटरात डॉक्टर कल्पनांनी यकृताच्या कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मऊ आहे. कुठेही कडक लागत नाही. घेऊ या."

बाहेर राणोजींनी सिद्धार्थचे हात धरले. "किती गार पडले रे! माझ्या लेकीसाठी गारवा राखलास, राजा."

सिद्धार्थने रुचिराकडे पाहिलं.

"सांग त्यांना," ती म्हणाली. "आणि 'काहीही कर' असं मी म्हणाले होते, तेही सांग."

त्याने सांगितलं. राणोजींचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी सिद्धार्थचे हात सोडले नाहीत, ते चोळतच राहिले, ऊब येईपर्यंत.