आखाड्याचं दार

लिझेल फिलिपिन्समधल्या सेबू शहरात एका कंपनीत बाजारात यायच्या आधी व्हिडिओ गेम तपासायची. बाहेर अवाक्षर काढणार नाही, अशी सही देऊन बसलेली. पण घरी जेवण कसलं, रोजची उलटतपासणीच! भाऊ जुनरेल मोबाईल पेल्याला टेकवून तिच्याच गेममध्ये येऊ घातलेल्या आखाड्याच्या मोहिमेबद्दल चाहत्यांचे तर्क वाचायचा आणि तिचा चेहरा न्याहाळायचा. ती मेली प्रत्येक तर्काला सारखीच हसायची.

"ताई, दार बाहेरून बंद होतं म्हणे!"

ती हसली.

"अगंबाई, मग पोरं अडकली की!" भात वाढता वाढता आई कळवळली. "बाहेर कशी पडणार?"

"एक जण आत राहिला की बाकीच्यांना दार उघडतं, आई," लिझेल समजुतीनं बोलून गेली.

जुनरेलचा घास हातातच राहिला.

"ताई, लाईव्ह चालू आहे गं. चारशे जण ऐकतायत."