अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

केदारने एसीच्या दोन्ही जाळ्या स्वतःच्या कपाळाकडे वळवल्या आणि पंखा शेवटच्या आकड्यावर नेला.

"गाडी चालवून राहिला का कुल्फी जमवून राहिला?" मागच्या सीटवरून शोभनाने विचारलं आणि शाल कानांवर ओढली.

"गरम होतंय गं आई."

दोन हजार वीसचा सप्टेंबर संपत आला होता. सकाळी अमेरिकेतल्या एडिसनमधून निघताना लोक स्वेटर घालून कुत्री फिरवत होते. गरम होणाऱ्या केदारने स्वतः गळ्यापर्यंत चेन लावलेलं जॅकेट घातलं होतं. आरशात त्याचे डोळे दिसत होते, लाल आणि पाणावलेले. पुढच्या दोन सीटच्या मध्ये, कप ठेवायच्या खळग्यात तापाच्या गोळ्यांची, टायलेनॉलची बाटली होती. शोभनाची नजर तिथे गेली तशी रुचाने, तिच्या सुनेने, ती उचलून पर्समध्ये टाकली.

"सीझनल ॲलर्जी आहे हो आई. दर फॉलमध्ये होतं त्याला."

एडिसनच्या मराठी घरांत त्या वर्षी कुणाला ताप येत नव्हता. ॲलर्जी यायची. मागच्या रविवारी एका मित्राच्या बॅकयार्डमध्ये आठ जणांनी सहा-सहा फुटांवर खुर्च्या मांडल्या, फोटो काढले, मग खुर्च्या ओढून, मास्क काढून मिसळ खाल्ली. फोटोत अंतर होतं. फोटोला पन्नासच्या वर लाइक्स होते.

"आजी, देअर्स अ रोलर कोस्टर दॅट गोज बॅकवर्ड्स!" शेजारी बसलेली अनिका म्हणाली. मार्चमध्ये ती आठ वर्षांची झाली. वाढदिवसाच्या आठवड्यातच शाळा बंद पडली, केक चौघांनी कापला आणि वाढदिवसाला कबूल केलेलं थीम पार्क पुढे ढकललं गेलं. पार्क पुन्हा उघडलं ते मोजक्या माणसांसाठी. आधी बुकिंग, मग मास्क, मग गेटवर ताप. ईमेलमध्ये नियम ठळक अक्षरांत होता: गटातल्या एकाचाही ताप शंभर पॉइंट चार किंवा त्याहून जास्त निघाला, तर अख्खा गट परत. बुधवारी जेवताना केदारनेच तो मोठ्याने वाचून दाखवला होता. बुधवारी त्याला ताप नव्हता.

शोभनाने नजर खिडकीकडे वळवली. तिला येत्या गुरुवारी नागपूरला जायचं होतं.

ती फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आली होती. आता आठवा महिना. नागपूरला तिचा नवरा गुरुनाथ एकटा होता, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. त्याचं सेंटर कोविडसाठी घेतलं, तेव्हापासून तो रिक्षाने शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचा. कधी दोनदा जायचा, कधी एकदाच, आणि एकदाच गेला की सांगायचा नाही. पण शोभना रोज व्हिडिओ कॉलवर त्याला पायावर अंगठा दाबायला लावायची. अंगठा उचलला की सुजलेल्या पायावर खड्डा राहतो. तो भरायला किती सेकंद लागतात ते ती मोजायची. मार्चमध्ये चार लागायचे. आता अकरा.

नेहमीची विमानं बंद होती आणि परत नेणाऱ्या सरकारी विमानाच्या यादीत तिचं नाव तीनदा हुकलं होतं. चौथ्यांदा लागलं. घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर चौदा दिवस दाराबाहेर पाऊल नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. म्हणून पाऊण तास ती खिडकीबाहेर बघत बसली. तिलाही ॲलर्जीच हवी होती. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाऊण तास ती फक्त गुरुनाथची बायको होती, बाकी कुणी नव्हती.

पार्किंगमध्ये केदारच्या मास्कची दोरी कानामागे पिळली गेली. ती सोडवायला शोभनाने हात पुढे केला आणि हाताची मागची बाजू त्याच्या मानेला लागली.

तिथे विषय संपला. चौतीस वर्षं हा हात लोकांच्या मानांवर फिरला होता.

"तोंड उघड," ती म्हणाली. तिने पिशवीतून प्लॅस्टिकची नळी काढली, नळीतून काचेचा थर्मामीटर काढला आणि मनगटाला दोन झटके देऊन पारा उतरवला.

"वेडी झालीस का? इथे? लोक बघतायत."

"गोळी घेऊनही एकशे एकच्या खाली नाही तू."

"आई, प्लीज यार." केदारने आवाज खाली आणला. अनिका चार गाड्या पुढे, जमिनीवर रंगवलेल्या पावलांवर उड्या मारत होती. "सहा महिने वाट बघतेय ती. आणि तुला काय वाटतं, मी फक्त तिच्यासाठी करतोय? मी टेस्ट केली आणि पॉझिटिव्ह आली, तर तुझा गुरुवार गेला. बाबांना तू सांगणार आहेस का?"

हे खरं होतं. पोरगा खोटारडा असला तरी हे खरं होतं. शोभनाने थर्मामीटर नळीत घातला, नळी पिशवीत, आणि ती रुचाच्या मागून चालायला लागली.

शोभना नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. केदार इथे सांगताना "मॉम वॉज इन हेल्थकेअर" असं सांगायचा. नर्सच्या पगारावर इंजिनिअर झालेल्या मुलांची ही एक जमातच आहे. आईचा धंदा सांगायची वेळ आली की यांना इंग्रजी सुचतं. लग्नाच्या बोलाचालीतसुद्धा त्याने रुचाच्या घरी "हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन" सांगितलं होतं. बेडपॅन उचलणारे हात ॲडमिनिस्ट्रेशनचे नसतात, हे रुचाला पहिल्याच दिवाळीत सासूला फरशी पुसताना बघून कळलं. ती बोलली नाही, एवढंच.

वॉर्डात प्रत्येक पलंगाला एक तक्ता टांगलेला असायचा. ताप, नाडी, श्वास. सहा-सहा तासांनी मोजायचं आणि लिहायचं. शोभना नोकरीला लागली तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात बावीस पलंग होते आणि धड चालणारा थर्मामीटर एक. एका पेशंटला दोन मिनिटं धरली तरी किती वेळ लागतो, त्याचा हिशोब सरकारने कधी केला नाही. सिस्टर लोकांनी केला होता. दुपारी दोनच्या राउंडला बावीसही तक्त्यांवर एका दमात अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहायचं. सगळ्याजणी लिहायच्या. नव्या पोरीला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं जायचं, पलंगाची चादर कशी ओढायची त्याच्या आधी.

नऊ नंबरला काटोलकडची एक बाई होती. पहिलटकरीण, एकोणीस वर्षांची. तिचा तक्ता तीन दिवस अठ्ठ्याण्णव पॉइंट चार म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ती गेली. अंगात पू झाला होता. डॉक्टरांनी तक्ता बघितला आणि म्हणाले, "चार्ट तर नॉर्मल आहे." चौकशी झाली नाही. कागद निर्दोष होता आणि त्यावर दुपारी दोनच्या खाली तीनदा शोभनाची सही होती.

पगार झाल्यावर तिने सीताबर्डीवरून स्वतःचा थर्मामीटर घेतला. त्यानंतर तिची दोनची राउंड चारपर्यंत चालायची. बाकीच्या तिला हसायच्या, "काऊन गं शोभना, प्रेसिडेंट मेडल पाहिजे का?" मेडल मिळालं नाही. फुटला की नवा घ्यायची. हा सातवा.

गेटवर साठीची एक बाई उभी होती. तोंडावर मास्क, त्यावर प्लॅस्टिकची ढाल, हातात ताप बघायची बंदूक. तिच्या बुटांच्या कडेवरून घोटे बाहेर आले होते. सकाळपासून उभी असलेल्या बाईचे घोटे शोभनाला लगेच ओळखू आले.

अनिका, सत्त्याण्णव पॉइंट नऊ. बाईने तिच्या मनगटाला हिरवा कागदी पट्टा लावला आणि हातात पार्कचा नकाशा दिला. रुचा, अठ्ठ्याण्णव. शोभना, सत्त्याण्णव पॉइंट पाच. केदार पुढे झाला. पाऊण तास एसीत गारठवलेलं कपाळ त्याने बंदुकीसमोर धरलं.

"नाइंटी सेव्हन सिक्स. यू आर गुड, हनी."

पट्टा लागला. केदारने आईकडे वळून बघितलं. डोळ्यांत लहानपणी परीक्षेत कॉपी करून सुटल्यावर असायची तीच सुटका होती.

"अगं रुचा!" मागून आवाज आला. महाराष्ट्र मंडळाची सुलेखा, नवऱ्यासह, सहा फुटांवरच्या पावलांवर उभी. "तुम्ही पण आजचंच बुकिंग? मस्त! आत भेटू या ना, लंच एकत्र करू. मी ठेपले आणलेत."

"हो हो, नक्की," रुचा म्हणाली.

शोभना जागची हलली नाही. बाईच्या हातातली बंदूक पुढच्या कपाळासाठी वर झाली होती.

"आई, चल," केदार म्हणाला.

"मॅडम," शोभना त्या बाईला म्हणाली. "माय सन हॅज फीवर."

"आई!"

"ही टुक टॅब्लेट. ही पुट एसी ऑन फोरहेड, होल वे. युवर मशीन इज चेकिंग एसी."

बाईने बंदुकीकडे बघितलं, मग केदारकडे. "मॅम, मशीन सेज ही इज फाइन."

केदारने आईचं कोपर धरलं. दातांतून बोलला, मराठीत, "तमाशा करू नकोस. इथे तू नर्स नाहीयेस."

शोभनाने कोपर सोडवून घेतलं. "आय ॲम नर्स," ती त्या बाईला म्हणाली. "थर्टी फोर इयर्स. टेक हिम इन शेड, रिमूव्ह जॅकेट, चेक आफ्टर टेन मिनिट्स."

आठ महिन्यांत हे तिने अमेरिकेत पहिल्यांदा सांगितलं.

सुलेखा आणि तिचा नवरा दोन पावलं मागे गेले. मग आणखी चार. "बरं रुचा, आम्ही पलीकडच्या लायनीत जातो हं. टेक केअर!" ठेपल्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

छत्रीखालच्या खुर्चीवर दहा मिनिटं बसल्यावर केदारचा ताप एकशे एक पॉइंट तीन निघाला. एक सुपरवायझर आला, लांबूनच नम्रपणे बोलला, तारीख बदलून मिळेल म्हणाला. बाईने बंदूक पुसली, हात पुसले, पुन्हा पुसले. तिने शोभनाचे आभार मानले नाहीत. तिची रांग मोठी होती.

पट्टे कापून द्यायचे होते. अनिकाने हात पाठीमागे लपवला.

"आय वॉज ऑलरेडी इन, आजी," ती म्हणाली. रडली नाही. पट्टा तसाच राहिला.

परतीच्या वाटेत रुचाने गाडी चालवली, चारही काचा उघड्या ठेवून. केदार पुढच्या सीटवर डोळे मिटून होता. अर्ध्या वाटेत म्हणाला, "मशीनने पास केलं होतं मला."

"मीही केलं होतं एकदा," शोभना म्हणाली.

कुणाला पास केलं, हे त्याने विचारलं नाही.

केदारच्या टेस्टचा रिपोर्ट सोमवारी आला. पॉझिटिव्ह. केदार बेसमेंटमध्ये झोपला. ताट पायऱ्यांवर ठेवायचं, असं रुचा म्हणाली. शोभनाने दोन मास्क घातले, डोक्याला शॉवर कॅप घातली आणि ताट आत नेलं.

"आई, तुमचं वय बघा," वरून रुचा ओरडली.

"वय मोजायला मशीन आण," खालून उत्तर आलं.

तक्त्यासाठी तिने पार्कचा नकाशा घेतला. त्याची मागची बाजू कोरी होती. पट्टीने रेघा मारल्या. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थर्मामीटर, जिभेखाली. केदार पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि नळीचा आवाज आला की न बघता तोंड उघडायचा. दुसऱ्या दिवशी एकशे तीनला गेला. तेव्हा त्याने आईचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. माफी वगैरे मागितली नाही. त्यांच्या घरात ती पद्धत नव्हती.

गुरुवारचं तिकीट तिने स्वतः रद्द करायला लावलं. नंतरचं विमान ऑक्टोबरच्या शेवटी होतं आणि त्यात तिचं नाव अजून नव्हतं.

गुरुवारी सकाळी जिन्यावर अनिका उभी होती. मनगटावर तो हिरवा पट्टा, आता मळलेला. पाच दिवसांत ती आजीशी बोलली नव्हती.

"आजी, व्हॉट्स हिज नंबर टुडे?"

"नव्व्याण्णव पॉइंट दोन."

"इज दॅट गुड?"

"बरा आहे."

अनिका वर गेली. शोभनाने फोन लावला. नेवार्कहून विमान सुटायची हीच वेळ होती, पण तिने घड्याळाकडे बघितलं नाही. गुरुनाथ पलंगावर बसला होता, उशीला टेकून.

"पोट्टा कसा आहे?"

"उतरला ताप. डायलिसिसला गेले होते का काल?"

"जाईन ना. तू उगाच टेन्शन घेऊन राहिली."

"पाय दाखवा."

त्याने फोन खाली नेला. चेहऱ्यापेक्षा पाय जास्त जवळ आला. अंगठा दाबला, उचलला. शोभना मनात मोजायला लागली.

"भरला बघ," आठाला गुरुनाथ म्हणाला.

"फोन हलवू नका."

चौदा. पंधरा. खड्डा तसाच होता, डाळीचा दाणा मावेल एवढा. अठराला तो कडेने भरायला लागला. बावीसला सपाट झाला.

"किती?" तिकडून विचारलं.

नकाशाच्या मागे, केदारच्या आकड्यांशेजारी, तिने या पायासाठी वेगळा रकाना आखला होता. पेन तिथे टेकलेलं होतं.

"किती गं? आठ-दहा असतील."

शोभनाने बावीस लिहिलं, वेळ लिहिली आणि खाली सही केली.